मोजणी

माझं काम खुर्च्या भरण्याचं.
खोर फक्कानच्या मैदानात साडेसहा हजार खुर्च्या,
मागं उघडा बोडका डोंगर, पुढं समुद्र,
आणि टीव्हीच्या कॅमेऱ्याला दिसते ती फक्त समोरची बाजू.
म्हणून आधी समोरची बाजू.

मासळीबाजारात, कॅम्पच्या मेसमध्ये,
शुक्रवारी नमाजानंतर चपला शोधणाऱ्यांच्या हातात
मी चिठ्ठ्या देतो:
तिकीट फुकट, बस फुकट, बिर्याणीचा डबा,
मध्यंतरात सोडत, एक फ्रीज, दोन सायकली.
सोडत झाली की गर्दी उठते,
मठ्ठा आल्यावर पंगत उठावी तशी.
उरलेली पंचेचाळीस मिनिटं
बावीस जण खुर्च्यांसमोर पळतात.

रमझीसाहेब म्हणाले, इंगवले, सोडत शेवटी ठेव.
ठेवली. लोक बसले.
चेंडूकडं पाठ, घड्याळाकडं तोंड.

आमच्या कोल्हापुरात पेठेची मॅच असली
की पानवालासुद्धा शटर ओढायचा.
पोरं भिंतीवर, पोरं लिंबाच्या झाडावर,
दोन तालमींच्या मधे पोलिसांची गाडी उभी.
या म्हणायला कधी कुणी लागलं नाही,
माणसं लागायची ती थोपवायला.
हे मी एकदा साहेबांना बोलून गेलो.
ते म्हणाले, मस्त, तेवढं एका कागदावर लिहून दे.

रात्रभर कागद घेऊन बसलो.
लिहिलं: वैरी पाहिजे, तोही पलीकडच्या गल्लीतला.
लिहिलं: गोलकीपर आपल्या वर्गात नापास झालेला पाहिजे.
लिहिलं: हरल्यावर आठवडाभर
त्यांच्या चौकातून सायकल हाणायची लाज वाटली पाहिजे.
मग सगळं खोडलं.
हे कुठल्या बजेटात बसवायचं?
सकाळी दिलं ते असं: डब्यात अंडी दोन करावीत.

तक्त्यात चार रकाने.
शाळा, बस, पाहुणे, विकत.
विकतचा रकाना एकसष्टवर अडकलेला,
एकसष्टांचे चेहरे मला पाठ,
त्यातले नऊ तर गोलकीपरचे चुलते.
फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी बासष्ट आले.
पुन्हा मोजले.
बासष्ट.

तो गोलमागं बसला होता, सगळ्यात स्वस्त बाजूला.
हॉटेलच्या लाँड्रीतला ढकाल.
मागच्या महिन्यात माझ्याच बसमधून आलेला,
डबा घेऊन उतरताना झोपेतच होता.
म्हटलं, बाबा, फुकट मिळतंय की,
वीस दिरहम कशाला घातलेस पाण्यात?
तो हिंदीत म्हणाला,
खोलीत आम्ही आठ जण, पाळ्या तीन,
कुणी ना कुणी झोपलेलंच असतं.
चार वर्षं झाली, हळू बोलतोय.
इथं ओरडता येतं.
बसवाल्यांना टाळ्यासुद्धा इशाऱ्यावर वाजवायला लावता तुम्ही.

यावर मी काय बोलणार. इशारा करणारा मीच.

तेवढ्यात अकरा नंबरच्या पोरानं
रिकामा गोल सोडून चेंडू डोंगराकडं धाडला.
ढकाल ताडकन उठला आणि नेपाळीत काहीतरी बोलला.
शब्द कळले नाहीत, शिवी कळली.
परक्याला देतात तशी नव्हती,
घरच्या कार्ट्याला देतात तशी.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला तेच पोरगं
पुन्हा एकटं घुसलं.
माझ्या हातात मोजायचं यंत्र, अंगठा बटणावर,
आणि कुठून कोण जाणे, माझ्याच तोंडून,
हाण की लेका!

चेंडू खांबाला लागला.
डोंगरावरून माझा आवाज परत आला, जरा उशिरा,
कुणा दुसऱ्याचाच असल्यासारखा.
चुलत्यांनी वळून बघितलं.
ढकालनं सरकून शेजारची खुर्ची हातानं पुसली.

बसची मोजणी त्या रात्री चुकली.
शाळेची अंदाजानं टाकली.
विकतच्या रकान्यात बासष्ट लिहून थोडा थांबलो,
खिशातली वीसची नोट गल्ल्यात सारली,
दोनाचा तीन केला.

फ्रीज तसाच उभा होता बोगद्याच्या तोंडाशी,
लाल फीत बांधलेला.
ज्याचा नंबर लागला
तो पहिल्या बसनं निघून गेला होता.